दहा साइट, साक्षीदार मात्र एकच

जुन्नर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

शिवजयंतीच्या भित्तिपत्रकासाठी तू माहिती काढते आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. महाराजांचा जन्म काही साइटवर १६२७ चा दिसतो, काहींवर १६३० चा. तेव्हा जिकडे जास्त साइट तिकडे जावं का, असं तू विचारलंस. नको. इथे मतमोजणीचा काही उपयोग नाही.

तू पाठवलेली १६२७ वाली पानं मी उघडून बघितली. त्यातल्या एका पानावरचं एक अख्खं वाक्य उचललं आणि अवतरणचिन्हांत घालून शोधलं. तेच वाक्य एकामागून एक सगळ्या पानांवर निघालं. शिवनेरीची ‘री’ सगळीकडे ऱ्हस्व, आणि पूर्णविरामानंतर जागा न सोडण्याची खोडही तीच. म्हणजे कोणीतरी एकदा लिहिलं आणि बाकीच्यांनी आणून चिकटवलं. ही दहा जणांची साक्ष नव्हे. एकाच साक्षीदाराचं बोलणं दहा जणांनी पाठ केलं आहे. तूही हे करून बघ, दोन मिनिटांचं काम आहे.

आता तो मूळ साक्षीदार कोण? मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ अशी तिथी आहे, म्हणजे इसवी सन १६२७. ही बखर १८१० च्या सुमाराची. महाराज गेले १६८० मध्ये. मधे सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली होती. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात १६२७ च धरलं आणि पुढे कित्येकांनी त्याची री ओढली. त्यांना दोष देत नाही मी, त्यांच्या हाताशी जे होतं त्यावरून त्यांनी लिहिलं.

१६३० ची बाजू निराळी आहे. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. शकावली म्हणजे तारीखवार नोंदी, त्यात वर्णन नाही की पाल्हाळ नाही. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे, म्हणजे इसवी सन १६३०. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात तीच तिथी. राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीतही तीच. मावळातलं एक देशमुख घराणं, दरबारातला कवी आणि दूर राजस्थानातला ज्योतिषी यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल, असं मानायला काही आधार नाही. मला पटतं ते इथे. तीन वेगळ्या ठिकाणचे कागद एकच तिथी सांगतात, आणि पुन्हा वारही जुळतो. महाराष्ट्र सरकारनेही आता १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मानलेली आहे.

म्हणून साइट उघडलीस की पहिल्यांदा एवढंच बघ: ही माहिती कुठून घेतली ते तिथे लिहिलं आहे का? ‘इतिहासकार म्हणतात’ हा काही आधार नव्हे. कोणता कागद, तो कधीचा, तो कोणी छापला, हे सांगणारं पान साधं, रंगरूप नसलेलं असलं तरी मी त्याला जवळ करीन. विकिपीडियावरही तेच. वरचा मजकूर वाचून थांबू नकोस, खालच्या संदर्भांपर्यंत जा आणि ते खरोखर तसंच म्हणतात का ते बघ.

साइटच्या पत्त्यावरून थोडंफार कळतं. ‘गव्ह डॉट इन’ सरकारी खात्यांनाच मिळतं. ‘डॉट ऑर्ग’ मात्र पैसे भरून कोणीही घेऊ शकतं, त्यावरून संस्था मोठी ठरत नाही. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप म्हणजे तुझ्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसरा वाचू शकत नाही, एवढंच. आत खोटं लिहिलेलं असलं तरी कुलूप असू शकतं. आणि सरकारी पत्ता असला म्हणून मजकूर आजचा असेलच असंही नाही. इंग्रजी अमदानीतलं पुस्तक जसंच्या तसं स्कॅन करून ठेवलेलं असेल, तर त्यात १६२७ सापडू शकतं. ते पुस्तक शकावली छापली जाण्याआधीचं आहे, म्हणून सालाकडे लक्ष ठेव.

एखाद्या पानावर जन्मतारीख १ मार्च १६३० दिसली, तर ते पान लगेच बाद करू नकोस. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची तारीख. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च येतो. संगणकाच्या कॅलेंडरमध्ये १ मार्च १६३० टाकून बघ, शुक्रवार दिसेल. त्या काळी सुरतेचे इंग्रज जुनं कॅलेंडर वापरत आणि गोव्याचे पोर्तुगीज नवं, त्यामुळे एकाच घटनेच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडतं. फरकाचं कारण समजावून देणारी साइट मिळाली, तर ती जपून ठेव.

राहता राहिलं ते भित्तिपत्रकाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत घालायचं ‘महाराजांचं वचन’. ते काढून टाक. कुठल्या पत्रातलं, कोणाला लिहिलेलं, याचा एकाही पानावर पत्ता नाही, आणि भाषा अगदी आजची आहे. सतराव्या शतकातलं मराठी पत्र असं नसतं, त्यात फारसी शब्द पावलोपावली येतात. त्याऐवजी कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना १६७६ मध्ये पाठवलेलं पत्र घे. रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरू नका, अशी ताकीद त्यात आहे. शब्द मात्र कुठल्या साइटवरून नको, ग्रंथालयातल्या छापील पत्रसंग्रहातून हाताने उतरवून घे आणि खाली पत्राचं साल घाल.

मजकूर छापायला टाकण्याआधी मला पाठव, शकाचे आकडे मी एकदा नजरेखालून घालते.

तुझी,
आई