पँटची कंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात सदाशिव पेठेत जेन्ट्स टेलर आहे, दुकानाला 28 वर्षं झाली. रोज पहाटे अजिंक्यतारा चढायला जातो. मागच्या महिन्यात पायथ्याला टेबल टाकून ‘मोफत फॅट चेकअप’ चालू होतं. वय, उंची, वजन विचारलं, एक मशीन दोन्ही हातात धरायला दिलं आणि सांगितलं की तुमची चरबी 31.2 टक्के, फार वाईट आहे, तीन महिने ही पावडर घ्या. मी वर जाऊन आलो आणि परत मशीन धरलं तर 28.4. माझं वजन 72 किलो, म्हणजे तासाभरात दोन किलो चरबी गेली म्हणायची का? असं होत नसतं. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक काकू तो आकडा ऐकून रडवेल्या झाल्या होत्या, आणि पावडरचे पैसे देऊन गेल्या. ते बघून हे पत्र लिहायला बसलो.

मुलगी फिजिओथेरपी शिकतीय, तिच्याकडून सगळं समजून घेतलं. ते मशीन चरबी बघतच नाही, अंगातून बारीकसा करंट सोडतं, स्नायूत पाणी असतं म्हणून तिथून करंट पटकन जातो, चरबीत अडतो, आणि त्यावरून हिशोब करून आकडा काढतं. म्हणून पाणी प्यायलात, जेवलात, घाम गाळलात की आकडा हलतो. हातात धरायचं मशीन मुख्यतः हात आणि वरचं अंग बघतं, वजनकाट्यासारखं उभं राहायचं असतं ते पायातनं जातं, पोट बाजूलाच राहतं. आणि पेसमेकर बसवलेल्या माणसानं ते धरायचंच नसतं, हे त्या टेबलावर कुणी कुणाला विचारत नव्हतं याचा मला जास्त राग आला. चिमट्यानं कातडी धरून मोजतात ती पद्धत आहे, पण हात बसलेला माणूस लागतो आणि कातडीखालचीच चरबी कळते, पोटाच्या आत आतड्याभोवती साठलेली नाही. एक्स-रेनं चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन चांगला, पण तो काय रोज फिरायला जाताना करायचा आहे का.

बीएमआयचं पण तसंच, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, आपल्याकडं 23 च्या पुढं गेलं की वजन जास्त धरतात. त्यात तालमीतला पैलवान जाड ठरतो आणि काटकुळा माणूस सुटतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकारी डॉक्टरचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय 22.3, पण त्या ब्रिटिश डॉक्टरांची चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून चरबी, हे त्यांनी किती वर्षं सांगितलंय.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण खरं मला हेच सांगायचंय. माझ्याकडं एक मास्तर कपडे शिवून घेतात, हातपाय बारीक, वजन साठ किलोच्या आसपास. मागच्या वर्षी त्यांना शुगर निघाली तेव्हा घरचे म्हणाले एवढ्या बारीक माणसाला कशी काय. मी मापाची जुनी वही काढली. पँटची कंबर 32, 32, 32, पंधरा वर्षं तीच. आणि त्याच पानावर शर्टाच्या मापात पोट 33, मग 35, मग 38. माणूस पँट दरवेळी थोडी खाली बांधतो, पोट पट्ट्याच्या वरनं पुढं येतं आणि तो अभिमानानं सांगतो की माझी कंबर कॉलेजपास्नं बदलली नाही. मला ते पंधरा वर्षं दिसत होतं आणि मी नुसती शर्टाला जास्त माया सोडत गेलो, तोंडानं एक शब्द बोललो नाही. हे मनाला फार लागलंय.

म्हणून सांगतो, घरातला शिलाईचा टेप घ्या. शर्ट वर करा, सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप सरळ फिरवा, श्वास सहज सोडून झाला की वाचा, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. पुरुषांना 90 सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बायकांना 80 म्हणजे साडेएकतीस, त्याच्या पुढं गेलं तर डॉक्टरला दाखवा, शुगर, बीपी तपासा. आणखी एक सोपं म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याच्या आत पाहिजे, साडेपाच फुटी माणसाला 33 इंच. आता टेपनं टक्के कळत नाहीत हे खरं, पण पोटाची चरबी वाढतीय की कमी होतीय ते दर महिन्याला कळतं आणि खर्च शून्य.

आरोग्य शिबिरं घेणाऱ्या मंडळांना आणि नगरपालिकेला विनंती आहे की वजनकाट्याशेजारी टेप पण ठेवा, आणि पावडर विकणाऱ्याला तपासणीच्या नावाखाली टेबल लावू देऊ नका. तुम्ही पण पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटर हे दोन आकडे पेपरात ठळक छापा.

माझ्या दुकानात सकाळी 10 ते 11 कुणीही पुरुष माणसानं येऊन पोटाचा घेर मोजून घ्यावा, कपडे शिवायला टाकलेच पाहिजेत असं नाही. बायकांसाठी त्याच वेळेत माझी बायको असते.

आपला,
एक टेलर, सदाशिव पेठ, सातारा