तुझ्या ड्युएटचा व्हिडिओ बघितला

सोन्या,

रिहर्सलचा व्हिडिओ बघितला. पप्पा म्हणाले हा नाच आहे का कुस्ती, आणि उठून मार्केटला गेले. त्यांना सांग, स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकन नाचणाऱ्यानं १९७२ ला ते तुमचं कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे एकमेकांच्या अंगावर वजन टाकत नाचायचं, सुरू केलं तेव्हा त्यात ऐकिडो, ती जपानी कुस्तीसारखी विद्या, होतंच, म्हणजे फार चुकले नाहीत ते.

मला लाज बिज काही वाटली नाही, इच्छा दाखवायचीच तर नीट दाखवा. पण मधे तुझी जोडीदार पाठीवरनं तुझ्या खांद्यावर येते बघ, तिथं तू तिचं मनगट धरलायस आणि तिची बोटं एकदम ताठ झालीत, ती सुटायला बघते ते बसवलेलं आहे की खरंच दुखतंय हे मला कळलं नाही. बघणाऱ्याला नाही कळलं तर चालतंय रे, तुला कळायला पाहिजे. विचारलंस का तिला? सरांनी असंच बसवलंय हे उत्तर नको देऊ.

त्या जर्मन पिना बाऊशनं बसवलेला नाच, कॅफे म्युलर, १९७८ चा, तूच लिंक दिली होतीस. जोडी मिठीत उभी असते, एक माणूस येतो, त्यांचे हात सोडवतो, तोंडाला तोंड लावतो, बाईला उचलून तिच्या जोडीदाराच्या हातावर ठेवतो, तो जोडीदार धरतच नाही, ती धाडकन खाली, उठते आणि परत मिठी. असं सारखं, वेग वाढत जातो, आणि तो माणूस निघून गेला तरी ही दोघं आपली आपणच तेच करत राहतात! तो तिसरा मला चांगला ओळखीचा वाटला, आपल्याकडं लग्नाच्या बैठकीत असतोय की एक. तुमच्या हॉलमध्ये तो कोण, ते तू बघ.

आणि हे सगळं जर्मनीतलं म्हणून सोडू नको. सौंदत्तीला देवीच्या नावानं पोरी सोडायचे, नाव देवीचं आणि मजा गावातल्या वजनदारांची, कर्नाटकानं १९८२ ला कायदा केला तरी चोरून चालूच होतं. अंगावर हक्क कुणाचा हे इथल्या बायकांना कुणी शिकवायला नको.

तिच्याशी बोल, सर समोर नसताना, आणि काय म्हणाली ते फोन करून सांग. आत्याला व्हिडिओ पाठवू नको, तिला मी समोर बसवून दाखवते.

मम्मी