कॅरव्हॅन उलाळ नको आणि धुरजडही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांमागे आता एखाददुसरी कॅरव्हॅन, म्हणजे गाडीने ओढायचे चाकांवरचे घर, दिसू लागली आहे. राज्य सरकारचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. तेव्हापासून चर्चा होते ती पलंग किती, शौचालय आहे का आणि सोलर किती वॅटचे याची. भरलेल्या कॅरव्हॅनचा ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर किती किलो भार येतो, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा आणि आपणहून सांगणारा कारखानदार त्याहून विरळा. खरे तर गाडी रस्त्यावर सरळ राहणार की नाही, हे ठरते ते या एका आकड्यावर.

आपल्याकडच्या जुन्या गाडीवानाला हा विषय शिकवावा लागत नव्हता. बैलगाडीत ऊस मागे जास्त भरला की जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला जोती आवळतात. ती गाडी 'उलाळ'. पुढे जास्त भरला की ओझे बैलांच्या मानेवर येते, ती 'धुरजड'. भरून झाल्यावर जू हाताने उचलून बघायचे आणि दोन मोळ्या इकडच्या तिकडे करायच्या, एवढाच हिशेब. एसयूव्हीमागची एका ॲक्सलची कॅरव्हॅन म्हणजे तीच गाडी. बैलांच्या मानेच्या जागी गाडीमागच्या हुकाचा बॉल, म्हणजे कॅरव्हॅन जिच्यावर अडकते ती लोखंडी गोळी, आला. फरक आहे तो वेगाचा. बैलगाडी उलाळ झाली तर गाडीवान शिव्या घालतो. ताशी ८० ला कॅरव्हॅन उलाळ असेल तर ती शेपूट मारते आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत घेऊन आडवी होते.

असे का होते? कॅरव्हॅनचा वजनमध्य ॲक्सलच्या पुरेसा पुढे असेल, तर वाऱ्याने किंवा खड्ड्याने बसलेला आडवा झोका दोन-तीन हेलकाव्यांत विरतो. मध्य ॲक्सलवर किंवा मागे गेला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. वेग वाढेल तसे हे बिघडत जाते; ५० ला गुमान चालणारी कॅरव्हॅन ८० ला अचानक डोलू लागते. पुणे-बंगळूर महामार्गावर शेजारून बस जाताना हवेचा जो धक्का बसतो, तेवढाही मग पुरतो.

ढोबळ नियम असा की भरलेल्या कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या १० ते १२ टक्के भार हुकावर हवा. १२०० किलोच्या कॅरव्हॅनला १२० किलो. बॉलपासून ॲक्सलपर्यंत ३.६ मीटर अंतर धरले, तर १२० किलो भार येण्यासाठी वजनमध्य ॲक्सलच्या फक्त ३६ सेंटीमीटर पुढे असतो. म्हणजे सगळा खेळ दीड वितीचा. म्हणूनच डोळ्याने अंदाज चालत नाही.

कोणती वस्तू हुकावर किती भार टाकते, हे काढणे सोपे आहे: वस्तूचे वजन गुणिले ॲक्सलपासूनचे तिचे अंतर, भागिले ॲक्सल ते बॉल अंतर. ॲक्सलच्या पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. सुमारे ५५ किलोची इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ॲक्सलच्या २.४ मीटर पुढे ठेवली, तर हुकावर ३७ किलो वाढतात. मागच्या भिंतीवर लटकवलेल्या सायकली आणि त्यांचा स्टँड मिळून ६० किलो, ॲक्सलपासून २ मीटर मागे. हुकावरचे ३३ किलो गेले. या दोन चुका एकमेकींना खोडतात असे वाटून कुणी निर्धास्त होऊ नये. दोन्ही टोकांना जड वस्तू ठेवल्या की हुकावरचा आकडा बरोबर दिसतो, पण कॅरव्हॅन डंबेलसारखी होते आणि एकदा डोलू लागली की थांबत नाही. जड सामान ॲक्सलच्या आसपास किंचित पुढे, आणि जमिनीलगत. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि पापड-कुरडया.

सर्वांत फसवे ते पाणी, कारण ते मुक्कामात जागा बदलते. समजा, स्वच्छ पाण्याची टाकी ॲक्सलच्या ८० सेंटीमीटर पुढे आहे आणि सांडपाण्याची १.२ मीटर मागे. निघताना ८० लिटर पुढे भरलेले, हुकावर १२० किलो, सगळे उत्तम. मालवणला दोन दिवस राहून तेच ८० लिटर मागच्या टाकीत गेले. पुढचे १८ किलो गेले, मागच्या टाकीने आणखी २७ उचलले. परतीला हुकावर उरले ७५ किलो, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. जाताना सरळ चाललेली कॅरव्हॅन येताना डोलते, आणि दोष टायरला किंवा रस्त्याला दिला जातो. निघण्यापूर्वी सांडपाणी योग्य जागी, ओढ्यात नव्हे, रिकामे करावे. नवी कॅरव्हॅन बांधून घेणाऱ्यांनी दोन्ही टाक्या ॲक्सलच्या शक्य तितक्या जवळ बसवून घ्याव्यात. पाइप थोडा जास्त लागेल, एवढाच खर्च.

आता वजन कसे करायचे. उसाच्या या जिल्ह्यात भुईकाट्यांची उणीव नाही. पाणी, गॅस, भांडी, अंथरुणे सगळे भरून काट्यावर जावे. रिकाम्या कॅरव्हॅनचे वजन करून उपयोग नाही. प्रथम जोडलेल्या स्थितीत फक्त गाडीची चारही चाके काट्यावर घ्यावीत, कॅरव्हॅनची चाके बाहेर. समजा आले २३३० किलो. मग गाडी थोडी पुढे घेऊन फक्त कॅरव्हॅनची चाके काट्यावर: १०८०. शेवटी कॅरव्हॅन सोडून गाडी एकटी, तीच माणसे बसलेली: २२१०. पहिल्यातून तिसरे वजा केले की हुकावरचा भार १२० किलो. त्यात १०८० मिळवले की कॅरव्हॅनचे वजन १२०० किलो. तिन्ही वजने एकाच काट्यावर घ्यावीत. काटा ठरावीक किलोंनी जास्त दाखवत असला, तरी वजाबाकीत ती चूक निघून जाते, त्यामुळे हुकावरच्या भारात काटामारीची शंका घ्यायला नको. मात्र भुईकाटा ५, १० किंवा २० किलोच्या टप्प्याने वाचतो, त्यामुळे १२० चे खरे १०५ किंवा १३५ असू शकतात.

बारकाईने हवे असेल तर मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलतात तसला प्लॅटफॉर्म काटा घ्यावा. सपाट जागा बघून कॅरव्हॅनच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून कपलर, म्हणजे कॅरव्हॅनच्या दांडीच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, त्यावर टेकवावा. तो बॉलवर बसल्यावर ज्या उंचीला असतो, त्याच उंचीला हवा. कपलर वर ठेवला तर आकडा कमी येतो, खाली ठेवला तर जास्त. कॅरव्हॅनच्या दांडीचा जॅक पूर्ण वर घेतल्याशिवाय वाचन घेऊ नये. नाहीतर अर्धा भार जॅकवरच राहतो आणि माणूस खूश होतो.

धुरजड कॅरव्हॅनचे दुखणे गाडीला होते. ॲक्सलांमध्ये २.७५ मीटर अंतर असलेली एसयूव्ही आणि मागच्या ॲक्सलपासून बॉल १.२ मीटर, असे धरू. हुकावर १२० किलो आले की मागच्या चाकांवर १७२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ५२ किलो उचलले जातात. तरफेचा नियम आहे, पण गिऱ्हाईकाला पटत नाही. स्टिअरिंग हलके लागते, पुढची चाके ओल्या रस्त्यावर घसरतात, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, मागची टायर तापतात. डिकीतले सामान आणि तिसऱ्या रांगेतली माणसे हाच भार वाढवतात. गाडीच्या कमाल वजनात हुकावरचा भार मोजायचा असतो, हे तर जवळजवळ सगळेच विसरतात. मागच्या टायरची हवा दाराच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी लिहिलेली असते, तितकी ठेवावी. भार पुढच्या चाकांकडे परत ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यांचा हूक मिळतो. तो भार वाटून देतो, बॉलवरचे वजन कमी करत नाही.

इंटरनेटवर बघून येणाऱ्यांचा एक गोंधळ असतो. अमेरिकी माणूस १० ते १५ टक्के सांगतो, युरोपीय माणूस ७५ किंवा १०० किलोच्या वर जाऊ नका म्हणतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. युरोपातली कॅरव्हॅन हलकी, तिचे सामान ॲक्सलजवळ, डोलणे रोखणारा स्टॅबिलायझर बहुधा असतोच आणि वेगाला मर्यादा. जर्मनीत ८०, ठरावीक अटी पाळल्या तर १००. आपल्याकडे हुकाच्या पट्टीवर ७५ किलो लिहिलेले असेल आणि कॅरव्हॅन १२०० किलोची असेल, तर सामान मागे सरकवून ७५ वर आणणे हा उपाय नव्हे. तो आकडा गाठला जाईल आणि कॅरव्हॅन उलाळ होईल. त्या हुकाला साडेसातशे किलोपर्यंतचीच कॅरव्हॅन शोभते.

हुकाबद्दल थोडक्यात. तो बंपरला किंवा स्टेपनीच्या ब्रॅकेटला वेल्ड केलेला नसावा. चासीच्या दोन्ही दांड्यांना ८.८ ग्रेडच्या बोल्टने अनेक जागी पकडलेला असावा आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. चासी वेगळी नसलेल्या गाड्यांना कंपनीने नेमून दिलेल्या जागांशिवाय हूक बसवूच नये, पत्रा फाटतो. बॉल आणि कपलर एकाच मापाचे हवेत. ५० मिलिमीटरच्या कपलरमध्ये पावणेदोन इंचांहून जरा मोठा, ४७.६ मिलिमीटरचा बॉल आरामात बसतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या स्पीडब्रेकरला सुटतो. आपल्या शहरात त्याला फार वाट पाहावी लागणार नाही. आधाराच्या साखळ्या दोन, कॅरव्हॅनच्या दांडीखाली फुली मारून. उंच एसयूव्हीला बॉलही उंच बसवला की कॅरव्हॅनचे नाक वर जाते आणि हुकावरचा भार आपोआप घटतो. बॉलसाठी खाली उतरलेली पट्टी लावून कॅरव्हॅन सपाट किंवा किंचित नाक खाली अशी ठेवावी.

घाटासाठी एक जास्तीचा हिशेब. चढाला वजन मागे झुकते. बारास एक चढावर आपल्या १२०० किलोच्या कॅरव्हॅनचा हुकावरचा भार सुमारे १५ किलोंनी कमी होतो. गाडीवान चढाला पुढे सरकून बसतो, तो याच कारणाने. १२० चे १०५ झाले तर बिघडत नाही, ४० चे २५ झाले तर बिघडते. आंबा किंवा करूळ घाट उतरताना कॅरव्हॅन मागून ढकलते; तेव्हा तिला स्वतःचे ब्रेक नसतील तर पुढच्या गाडीच्या गिअरांवर भरवसा ठेवून उपयोग नाही. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आपणही तीच रेघ मानावी.

आणि डोलू लागलीच तर? ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे. डोलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नये, गाडीचा ब्रेक दाबू नये, वेग वाढवून ती 'ओढून सरळ' करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. कॅरव्हॅनच्या ब्रेकचे वेगळे बटण असेल तर तेवढेच दाबावे. वेग उतरला की कडेला थांबून सामान पुन्हा लावावे. हळू चालवत घर गाठू, हा विचार सोडून द्यावा.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या आमच्या व्यवसायबंधूंना आपल्या पत्राद्वारे एकच विनंती आहे. कॅरव्हॅन देताना तिच्या दांडीवर एक पट्टी रिव्हेट करून द्यावी: रिकामे वजन, कमाल वजन, रिकामी असताना हुकावर भार, हुकावर चालणारा किमान व कमाल भार, बॉल ते ॲक्सल अंतर. सहा आकडे, अक्षरे ठोकून काढलेली. रंगाने लिहिली तर पहिल्या पावसाळ्यात जातात.

आपले,
ट्रॉली व ट्रेलर बांधणीतले काही कारागीर,
कोल्हापूर