पाडव्याची पाटी

चैत्र शुद्ध पंचमी, रात्री साडेदहा

प्रिय वैजू,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. घरी टाकलं असतं तर पाकीट आधी गुरुजींच्या हातात पडलं असतं. फोनवर हे बोलता येत नाही, कारण तू स्पीकर लावतेस आणि गुरुजी शेजारीच बसलेले असतात. दिवाळीपासून मी तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे दोन फोनही घेतले नाहीत. पहिल्या वेळी खरंच हात शेणात होते. दुसऱ्या वेळी मोबाइल हातातच होता, तुझं नाव दिसत होतं, आणि मी तो वाजू दिला. का वाजू दिला, ते सांगायलाच बसलेय.

तब्येती सांगून टाकते. सासूबाईंचा गुडघा तसाच, पक्याचं पित्त तसंच, माझं रक्त अकरावर आलंय. झालं.

इकडे सकाळ काजूखाली उजाडते. रात्रभर बोंडं पडतात, ती माकडांच्या आधी गाठायची. चिऊ बोंड पिळून बी सुटी करण्यात इतकी तरबेज झालीय की सासूबाई तिला मजुरी देतात, टोपलीला एक रुपया. बाळ्याची मजुरी बोंडं खाण्यात फिटते. त्याच्या एकाही सदऱ्याला मूळ रंग उरलेला नाही, सगळ्यांवर बोंडाचे तपकिरी डाग. परवा त्याने माझी पाठ वळल्याबरोबर ओली बी दातांनी फोडली. चीक ओठाला आणि गालाला लागला, संध्याकाळपर्यंत ओठ सुजून वाटाण्याच्या शेंगेएवढा. खोबरेल लावलं, रात्रभर मांडीवर घेऊन बसले. सकाळी अंगणवाडीत ताईंनी विचारलं, ‘काय झालं रे?’ तर म्हणतो, ‘काजूने मला चावलं.’ गालावर काळा डाग राहिलाय. तुझ्या हनुवटीवर होता तस्साच. तुझा जायला दोन महिने लागले होते ना?

शिमग्याला तू आली नाहीस. रागावले होते, आता नाही. पालखी सहाणेवरून उठली आणि तिसऱ्या दिवशी आपल्या वाडीत आली. आमच्या अंगणात नाचवली तेव्हा चिऊ तीन वेळा खालून गेली, तिसऱ्यांदा बाळ्याला ओढत घेऊन. त्या पाच दिवसांत वाडीत किती पोरं होती माहितेय? मी मोजली, एक्केचाळीस. मुंबई, विरार, नालासोपारा, बदलापूर, सगळीकडची. शाळेच्या पटांगणात एकाच वेळी दोन क्रिकेटचे डाव, आणि आपल्या त्या बकुळीखाली मुलींची लगोरी. चिऊ दिवसभर घरात पाय ठेवत नव्हती. मग एका रात्रीत गाड्या भरल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी ती सात लगोऱ्या एकावर एक रचून बसली होती. फोडायला समोर कुणी नव्हतं. बाळ्याने एक बोंड मारलं, ते भलतीकडेच गेलं.

तेव्हाच माझ्या मनाने घेतलं असावं.

वैजू, आपल्या शाळेचा पट आज नऊ आहे. आपल्या वेळी चारही वर्गांत मिळून बावन्न होतो, दोन गुरुजी होते, आणि पहिली-दुसरीचा कलकलाट ऐकू येऊ नये म्हणून मधलं लाकडी कपाट आडवं लावलं होतं. ते कपाट आहे अजून. आताच्या नऊतली तीन जूनमध्ये चौथी होऊन जातील. उरले सहा, त्यातली तीन आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची. काय स्वच्छ मराठी बोलतात ती पोरं! पण त्यांच्या आईबापांनी दुसरी बाग धरली की तीही गेलीच. कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक म्हटलंय, इथे दोन वर्षं एकट्या बाईच आहेत. त्या लातूरकडच्या. घर तिकडे, सासर तिकडे, दर वर्षी बदलीचा फॉर्म भरतात आणि तरी इथल्या पोरांवर जीव लावतात. आमची चिऊ अजून शाळेतही गेली नाही, नुसती खिडकीत लोंबकळायला जाते, आणि बाईंचं ऐकून ‘लेकरू’ म्हणायला शिकलीय. बाळ्याला म्हणते, ‘लेकरा, पड तिकडं.’ सासूबाई हसून हसून लोटपोट.

यंदा आपल्या भागातलं पहिलीत जाणारं मूल एकच. चिऊ. तिच्या वर्गात ती एकटी.

मी पक्याशी बोलले. तो म्हणाला, ‘तू ठरव, पण मला विचारशील तर तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घाल.’ त्याला दोष देऊ नकोस. नालासोपाऱ्याला असताना त्या गोदामाच्या कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली होती, काम सगळं ह्याला येत होतं, पण मुलाखत इंग्रजीत झाली. घरी येऊन तो जेवला नव्हता. त्या रात्री तुला फोन केला होता मी, आठवतं? लॉकडाऊनमध्ये इथे आलो आणि परत गेलो नाही, त्यात ती रात्रही आहे. त्याने माझ्या हातात पैसे ठेवले आणि फवारणीला निघून गेला.

तर पाडव्याच्या आधीच्या सोमवारी सासूबाईंना ‘साखरेच्या गाठी आणते’ सांगून मी चिऊला घेऊन एस्टीत बसले. बावीस किलोमीटर, त्यातली सहा नागमोडी घाटाची. चिऊला गाडी लागते. लिंबू हातात होतं तरी दोनदा ओकली. शाळा चांगली आहे, खोटं का बोलू? निळ्या खुर्च्या, भिंतीवर रंगीत अक्षरं, वर्गाला दोन पंखे. तिथल्या मॅडमनी ‘व्हॉट इज युवर नेम’ विचारलं. चिऊने मराठीतून स्वतःचं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं, मग वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, एका दमात. मॅडम हसल्या, मायेनेच हसल्या, आणि फॉर्म पुढे केला. चिऊ मात्र काचेतून एका वर्गाकडे बघत होती. मला हळूच विचारते, ‘आई, ही सगळी एकाच वर्गात?’ मग बोट नाचवत मोजायला लागली. एकतीसवर थांबली.

मी फॉर्म भरला. नाव ठरवायचे दोन हजार भरले. पावती डाळीच्या डब्याच्या खालच्या कागदाखाली आहे. बाकीची रक्कम तीस एप्रिलपर्यंत. गाडी सकाळी पावणेसातला तिठ्यावर येणार, पोर परत यायला साडेतीन होणार.

एस्टीत मी चिऊला म्हटलं, ‘आजीला आणि शाळेतल्या बाईंना हे सांगायचं नाही हं, आपली गंमत.’ वैजू, हे वाक्य बोलायला नको होतं. फॉर्मपेक्षा हेच मला जास्त टोचतंय. तुझा दुसरा फोन आला तेव्हा आम्ही तिठ्यावर नुकत्या उतरलो होतो.

आता पाडवा. कळक उभा केला, गुढी बांधली, पुरण शिजत होतं. एवढ्यात गेटाशी स्कूटर वाजली. सुट्टीचा दिवस असून बाई आल्या होत्या. हातात नवी पाटी, तिला हळदीकुंकू, आणि पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. आपण काढायचो तीच. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणून सगळ्याच शाळांचे शिक्षक दारोदार फिरतात, पण यांना फिरायला दार एकच होतं, आमचं. पिशवीत गजरा होता, माझ्यासाठी. तोही त्यांनी आणला होता.

सासूबाईंनी पाट मांडला. चिऊला बसवलं. बाईंनी तिचा हात धरून ‘श्री’ गिरवून घेतला आणि म्हणाल्या, ‘काय लेकरा, येणार ना माझ्या शाळेत?’

चिऊने पाटीकडे बघितलं नाही, बाईंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. आणि गप्प राहिली. तुला ठाऊक आहे ती कशी आहे, झोपेतसुद्धा बोलणारी. मी सांगितलेलं तिने पाळलं, वैजू. सहा वर्षांची पोर आपल्या आईचं खोटं सांभाळत पाटावर बसली होती, आणि आजी कौतुकाने म्हणत होती, ‘लाजतेय बघा.’ बाईंनी वहीत नाव लिहिलं आणि म्हणाल्या, ‘चला, सात झाले.’ मी त्यांना पुरणपोळी वाढली. तूप वाढताना हात थरथरत होता. पण तोंडातून एक शब्द फुटला नाही.

संध्याकाळी नमस्काराला तुमच्याकडे फोन केला. गुरुजींनी पहिलं काय विचारलं असेल? मुलं कशी, आंबा कसा, काही नाही. ‘पट किती?’ मी म्हटलं, सात होईल. ‘तुझी लेक धरून?’ ‘हो.’ ते म्हणाले, ‘मग काळजी नाही.’ त्यांच्या निरोप समारंभात ‘माझी मुलं याच शाळेत शिकतील’ हे माइकवर मीच बोलले होते ना. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.

आणि आता ते, जे लिहायला मी पाच रात्री घेतल्या. ईशूला तुम्ही इंग्रजी शाळेत घातलंत तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मी काय बोलले होते, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. ‘गुरुजींच्या नातवाला मराठी शाळा चालत नाही, मग ती चालणार तरी कुणाला?’ तू पोळ्या लाटत होतीस. काही बोलली नाहीस. एकाच पोळीवर इतका वेळ लाटणं फिरवलंस की ती पोळपाटाला चिकटली. मग आपण चौदा महिने बोललो नाही. गुरुजी बाथरूममध्ये पडले नसते तर आणखी किती गेले असते कोण जाणे. नंतर आपण दोघींनी ते असं झाकलं की जणू घडलंच नव्हतं. मी कधी माफी मागितली नाही, मला वाटत होतं मीच बरोबर आहे. आज मागते. तुला नुसतं विचारलं जरी असतं, की का ग, कसलं भय वाटतंय, तरी पुरलं असतं. तेवढंही मी केलं नाही.

एक गोष्ट मात्र अजून माझ्या मनातून जात नाही, आणि तुझं ऐकूनही ती जाईल असं नाही. पुण्यात तू ईशूला तिकडे घातलंस तर कुठल्या शाळेचं दार बंद झालं नाही. इथे सातचे सहा झाले, मग त्यातली तीन बागेबरोबर गेली, की काय उरतं? खिचडी शिजवणाऱ्या काकूंचं तेवढंच मानधन आहे. मतदान तिथे, पोलिओचे डोस तिथे, पंधरा ऑगस्टचा झेंडा तिथे. आणि शाळा हलली तर उरलेल्या पोरांना केंद्रशाळेपर्यंत चार किलोमीटर, मध्ये आपला पऱ्याचा ओढा. जुलैत तो पऱ्या कसा येतो ते तुला मी सांगायला नको. तुझी चप्पल अजून त्यातच आहे.

एवढं सगळं एका पोरीच्या खांद्यावर द्यायचं का? पक्या म्हणतो, शाळा वाचवायची तर मोठ्यांनी वाचवावी, चिऊने नाही. पटतं. मग दुपारी घंटा ऐकू येते, काकू हाका मारतात, सहा-सात ताटल्या वाजतात, आणि पटेनासं होतं. परवा रात्री पांघरुणात चिऊ विचारत होती, ‘आई, मी पहिलीत एकटी असले तर पहिला नंबर माझाच ना?’ मी म्हटलं, हो. थोड्या वेळाने म्हणते, ‘आणि डबा खायला कुणाजवळ बसू?’ मी म्हटलं, दुसरीतल्या ताईजवळ. ‘ती नेपाळला गेली तर?’ ह्यावर मला काही सुचलं नाही. झोपली मग. मी नाही झोपले.

दोन्ही शाळांना चिऊ आपली वाटतेय, आणि दोन्हीकडे मी ‘हो’ म्हणून बसलेय. बाईंना उद्या सांगते, परवा सांगते करत पाच दिवस गेले. त्यांची स्कूटर दिसली की मी परसात जाते. अशी मी कधी नव्हते ग.

तुझ्या बदलीचं काय झालं? ईशूचे पेपर संपले का, गणित बरं गेलं ना? त्याला मे महिन्यात इकडे पाठवच, बाळ्या रोज ‘ईशूदादा कधी’ विचारतो. तुझी मान दुखायची थांबली का? नव्या घराची पायरी चढायला गुरुजींना जड जात असेल, कठडा लावून घे. रायवळच्या कैऱ्या आणि सोललेले ओले काजूगर दत्तूकाकांच्या गाडीने रविवारी पाठवतेय, लगेच फ्रिजरमध्ये टाक, गेल्या वेळी काळे पडले होते.

मला एवढंच सांग. ईशूचं ठरल्यावर तू गुरुजींना कसं सांगितलंस? जेवताना की एकटे असताना? पहिलं वाक्य काय होतं? ते काय म्हणाले, आणि लगेच म्हणाले की दोन दिवसांनी? हे मी तुला कधीच विचारलं नाही. पहिल्या दिवशी त्याला गेटात सोडून तू कुठे गेलीस तेही लिही. सगळं लिही. तीस एप्रिलच्या आत पोचेल असं टाक.

पहाटे बोंडं वेचायचीत. दिवा घालवते.

तुझी,
नंदू

ता. क. गुरुजींनी विचारलं तर सध्या सातच सांग.