एसएक्सटीचं कॅलिब्रेशन समजावणाऱ्या ताईंना थँक्यू

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहितीये, म्हणून नुसतं ताई. पण थँक्यू जाहीरपणेच म्हणायचं होतं, कारण कॅलिब्रेशन (म्हणजे उपकरणाचं माप तपासून बरोबर करणं) करणाऱ्यांचे आभार पेपरच्या शेवटी एका ओळीत उरकतात आणि मला ते अजिबात पटत नाही.

अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या एसएक्सटी या एक्स-रे दुर्बिणीचा डेटा घेऊन मी पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत तुमच्याकडे आले तेव्हा प्रश्न एवढाच होता, की ब्लेझारचा (लांबच्या गॅलेक्सीतल्या, आपल्याकडे झोत रोखलेल्या ब्लॅक होलचा) स्पेक्ट्रम तर गुळगुळीत असायला हवा, मग फिट केल्यावर १.८ आणि २.२ केईव्हीपाशी (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, एनर्जीचं एकक) हे उंचवटे कुठून येतायत. तुम्ही सरळ उत्तर दिलंच नाहीत, उलट मलाच विचारलंत की डिटेक्टर कशाचा आहे आणि आरशांवर काय लावलंय. सिलिकॉन आणि सोनं! सिलिकॉनची एज (जिथे तो एक्स-रे एकदम जास्त शोषायला लागतो ती एनर्जी) १.८४ ला, सोन्याची २.२ च्या आसपास, म्हणजे हे त्या लांबच्या गॅलेक्सीचं नाहीच, आपल्या दुर्बिणीचं आहे. मग कागदावर काढून दाखवलंत की एजपाशी रिस्पॉन्स (दुर्बीण किती एक्स-रे टिपते ते) इतका झपकन बदलतो की एनर्जीचं माप नुसतं २०-३० इलेक्ट्रॉन व्होल्टने सरकलं तरी तिथे लाट उठते, बाकीच्या भागात तेवढंच सरकलेलं कळतही नाही. हे मला कुठल्याच मॅन्युअलमधून इतकं स्वच्छ समजलं नव्हतं.

आणि ते सरकतं का, हे तर तुम्ही जेवायची वेळ टळून गेली तरी सांगत बसलात. ५.९ केईव्हीचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये साधारण १६०० इलेक्ट्रॉन सोडतो, ते एका पिक्सेलमधून पुढच्या पिक्सेलमध्ये असे सरकत सरकत मोजणीपर्यंत जातात, आणि वर्षानुवर्षं प्रोटॉनचा मारा खाऊन त्या स्फटिकात जे दोष तयार होतात ते वाटेतच थोडे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात. म्हणून एनर्जी कमी दिसते आणि लाइन (स्पेक्ट्रममधलं एकाच एनर्जीचं टोक) पसरते. हे तपासायला सीसीडीच्या (म्हणजे त्याच सिलिकॉन डिटेक्टरच्या) चार कोपऱ्यांवर ठरलेल्या एनर्जीचे एक्स-रे देणाऱ्या आयर्न-५५ या किरणोत्सारी लोखंडाचे सोर्स आहेत, पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम २.७ वर्षं, आणि अ‍ॅस्ट्रोसॅट अवकाशात गेलं २८ सप्टेंबर २०१५ ला. दहा वर्षांनी त्या सोर्सचा दहावा हिस्सासुद्धा उरत नाही. म्हणजे डिटेक्टर म्हातारा होतोय आणि त्याला तपासणारा सोर्सही विझत चाललाय, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं होतं. (त्याच उपग्रहावरच्या सीझेडटीआय या दुसऱ्या उपकरणाचं नशीब बरं, तिथे अमेरिशियम-२४१ आहे, ५९.५ केईव्हीची लाइन आणि अर्धायुष्य ४३० वर्षांच्या वर.)

तेव्हा तुम्ही नासाच्या 'चंद्रा' या एक्स-रे दुर्बिणीची गोष्ट सांगितलीत. १९९९ मध्ये वर गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रेडिएशन बेल्टमधले प्रोटॉन आरशांवरून थेट सीसीडीवर पोचले आणि नुकसान झालं, नंतर थंड फिल्टरवर यानातलीच घाण साचत गेली आणि कमी एनर्जीचे एक्स-रे तीच खायला लागली. तरी ती दुर्बीण उपयोगी राहिली, कारण लोक चिकाटीने तेच तेच सुपरनोव्हाचे अवशेष परत परत बघत राहिले, छोट्या मॅगेलॅनिक मेघातला (आपल्या शेजारच्या छोट्या गॅलेक्सीतला) ई०१०२ हा अवशेष तर ऑक्सिजन-निऑनच्या लाइन्ससाठी. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही आणि ब्लॅक होलची बातमी मात्र यांच्याच जिवावर छापून येते, हे मला फार लागलं.

तुम्ही दिलेली स्क्रिप्ट मी आता रोज वापरते, गेन फिटमध्ये (एनर्जीचं माप जुळवताना) स्लोप १ वर ठेवून ऑफसेट मोकळा सोडते, आणि किती आला ते पेपरच्या ड्राफ्टमध्ये स्पष्ट लिहिलंय, लपवून नाही. सेमिनारमध्येही कॅलिब्रेशनसाठी वेगळी स्लाइड ठेवलीये. गाइड म्हणाले लांबेल, मी म्हटलं लांबू दे.

एकच आहे, आता एसएक्सटीबरोबर लॅक्सपीसी-२० (त्याच उपग्रहावरचं, जास्त एनर्जीचे एक्स-रे मोजणारं उपकरण) जोडून फिट करतेय आणि दोघांची मापं जुळवणारा कॉन्स्टंट मला अजून नीट पटत नाहीये, त्यासाठी बुधवारी दुपारी आले तर चालेल का?

तुमची,
विद्यापीठातली ती प्रश्न विचारणारी मुलगी