थ्रेडेड रॉडची घाऊक खरेदी आणि अपुरे मागणीपत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बांधकामाच्या दर्जाची चर्चा वृत्तपत्रांतून होते तेव्हा ती बहुतेक वेळा सिमेंट, वाळू आणि सळई यांच्यापुरतीच राहते. इमारतीच्या छताखाली टांगलेले अग्निशमनाचे नळ, केबल ट्रे आणि हवेच्या डक्ट, कारखान्यात पायाला जखडलेली यंत्रे, काँक्रीटमध्ये भोक पाडून रसायनाने बसवलेले अँकर या सगळ्यांचा भार टोकापासून टोकापर्यंत आटे असलेल्या ज्या थ्रेडेड रॉडवर येतो, तो मात्र खरेदीच्या यादीत ‘किरकोळ हार्डवेअर’ या सदरात ढकलला जातो आणि त्याची निवड केवळ दर पाहून होते. खरेदी आणि आलेल्या मालाची तपासणी या दोन्ही कामांशी माझा दीर्घकाळ संबंध राहिला असल्याने याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

‘थ्रेडेड रॉड एम १२, झिंक, १ मीटर’ एवढ्या एका ओळीवर हजारो नग मागवले जातात. या ओळीतून व्यास (एम १२ म्हणजे १२ मिलिमीटर) आणि लांबी कळते. रॉड किती ताण सोसेल हे तिच्यातून मुळीच कळत नाही. आयएसओ ८९८-१ या मानकाने पोलादी रॉड आणि बोल्ट यांचे ४.६, ४.८, ५.८, ८.८, १०.९ असे वर्ग ठरवून दिले आहेत. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की पोलादाचे ताणबल न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये मिळते आणि त्या बळाच्या किती दशांशाला पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते, ते दुसरा आकडा सांगतो. एम १२ रॉडचे आट्यांमधले प्रत्यक्ष भार घेणारे क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर धरले जाते. त्यामुळे ४.८ वर्गाचा रॉड साडेतीन टनांच्या आसपास तुटतो, तर ८.८ वर्गाचा तोच रॉड पावणेसात टनांपर्यंत टिकतो. प्रत्यक्ष वापरात भार याच्या काही अंशांपुरताच ठेवतात हे खरे. पण दोन्ही रॉड शेजारी ठेवले तर चमक तीच, आटे तेच, वजनही जवळपास तेच. मागणीपत्रात वर्ग दिसला नाही की पुरवठादार सर्वांत स्वस्त वर्गाचा माल देतो आणि त्याला दोषही देता येत नाही, कारण जे मागितले तेच त्याने दिले.

वर्ग ओळखता यावा म्हणून डीआयएन ९७६-१ या जर्मन मानकाप्रमाणे रॉडच्या टोकाला रंग लावण्याची पद्धत आहे: ५.८ ला निळा, ८.८ ला पिवळा, १०.९ ला पांढरा. स्टेनलेस पोलादाच्या प्रतींपैकी ए२ ला हिरवा आणि ए४ ला लाल. ४.८ चे टोक बिनरंगाचेच असते. ही पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. एक मीटरचा रॉड कापून त्याचे तीन तुकडे केले की रंगाचे टोक एकाच तुकड्यावर उरते आणि बाकीचे दोन निनावी होतात. म्हणून कापलेले तुकडे वर्गानुसार वेगळ्या पेट्यांत ठेवून पेटीवर वर्ग आणि हीट नंबर (पोलाद ज्या वितळणीतून आले तिचा क्रमांक) लिहिण्याची शिस्त स्टोअरकीपरने पहिल्या दिवसापासून पाळली पाहिजे.

दुसरा घोळ मापाचा. मेट्रिक आट्यांत एम १० ला १.५, एम १२ ला १.७५, एम १६ ला २ आणि एम २० ला २.५ मिलिमीटर असा जाड पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, ठरलेला आहे, पण याच व्यासांत बारीक पिचचे रॉडही मिळतात आणि इंचाच्या मापाचा माल अजून सर्वत्र फिरतो. तीन अष्टमांश इंचाचा रॉड ९.५२५ मिलिमीटरचा असून त्याला इंचाला १६ आटे असतात, म्हणजे पिच १.५९ मिलिमीटरच्या जवळ. त्यावर एम १० चा नट काही आटे सैलसर फिरतो आणि मग अडकतो. कामगार पान्याने जोर लावतो, नट आणखी थोडा पुढे जातो आणि जोडणी झाली असे समजून तो पुढच्या कामाला लागतो. प्रत्यक्षात त्या नटाचे फार थोडे आटे भार घेत असतात. जुन्या इंची यंत्रसामग्रीची दुरुस्ती आणि नवे मेट्रिक काम एकाच गोदामातून चालत असेल, तर हे हमखास घडते. मागणीपत्रात ‘एम १० × १.५’ असा पिच लिहिणे हा यावरचा फुकटचा उपाय आहे.

आता मुलाम्याकडे वळतो, कारण सर्वांत महागडे घोटाळे इथेच होतात. ‘झिंक’ या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. विजेच्या प्रक्रियेने चढवलेला जस्ताचा थर बहुधा पाच ते आठ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि कोरड्या, बंदिस्त जागेत तो पुरतो. वितळलेल्या जस्तात बुडवून केलेल्या हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगचा थर चाळीस-पन्नास मायक्रॉन किंवा त्याहून जाड असतो आणि उघड्यावरच्या कामाला तोच हवा. मात्र एवढा जाड थर आट्यांवर बसला की साधा नट त्यावर जात नाही. त्यासाठी एकतर नटाचे आटे मोठे पाडावे लागतात किंवा रॉडचे आटे आधीच लहान ठेवावे लागतात. रॉड एका पुरवठादाराकडून आणि नट दुसऱ्याकडून घेतले, आणि एकाने रॉड लहान व दुसऱ्याने नट मोठा ठेवला, तर नट झरझर फिरतो, सगळे खूश होतात आणि भार आल्यावर आटे सोलून निघतात. नट जात नाही म्हणून साइटवर रॉडवर आटे पाडण्याची डाय फिरवणे हा तर ज्या जस्तासाठी पैसे मोजले ते खरवडून टाकण्याचाच प्रकार आहे. रॉड आणि नट एकाच पद्धतीचे, शक्य तर एकाच पुरवठादाराकडून घ्यावेत आणि नटाचा वर्ग रॉडला साजेसा असावा, ८.८ च्या रॉडला वर्ग ८ चा नट लागतो.

उच्च बळाच्या रॉडच्या बाबतीत मुलाम्याचा धोका याहून गंभीर आहे. मुलामा चढवण्यापूर्वी पोलाद आम्लात धुतले जाते. त्या वेळी आणि विजेच्या प्रक्रियेतही हायड्रोजन पोलादात शिरतो. १०.९ आणि त्यावरच्या कठीण पोलादात हा हायड्रोजन राहिला, तर रॉड ताणल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, आपल्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी भाराला, कोणतीही पूर्वसूचना न देता काचेसारखा तुटतो. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणाऱ्या बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागावर मार्च २०१३ मध्ये नेमके असेच घडले. भूकंपरोधक जोडणीसाठी बसवलेले तीन इंच व्यासाचे, उच्च बळाचे, गॅल्व्हनाइज केलेले ९६ अँकर रॉड ताणल्यानंतर काही दिवसांतच त्यांतले ३२ तुटले. चौकशीत हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा हे कारण निघाले. ते रॉड २००८ मध्ये तयार झाले होते आणि ताणण्यापूर्वी दीर्घकाळ आपापल्या छिद्रांत, साचलेल्या पाण्यात उभे होते. तुटलेला रॉड बदलायला तिथे जागाच नसल्याने अखेर पोलादी खोगिरासारखी वेगळी रचना बांधून तो भार पेलावा लागला. इतक्या मोठ्या आणि इतक्या देखरेखीखालच्या प्रकल्पात हे होऊ शकते, तर एका ओळीच्या मागणीपत्रावर घेतलेल्या मालाचे काय होईल, याचा विचार व्हावा. १०.९ चा रॉड खरोखर लागतो का, हे आधी रचनाकाराला विचारावे, बऱ्याचदा ८.८ चा एक माप जाड रॉड घेऊन काम भागते. लागतच असेल तर मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भाजल्याची नोंद मागावी, किंवा आम्ल आणि वीज न वापरता लावला जाणारा जस्त-पापुद्र्यांचा लेप निवडावा.

‘मग स्टेनलेसच घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तोही तपासून घ्यावा. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ मध्ये बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे टांगते छत कोसळून १२ जण मरण पावले. त्या छताचे टांगते दांडे स्टेनलेसचेच होते आणि क्लोरीनयुक्त हवेत ताणाखाली त्यांना आतून भेगा गेल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला गंजाचा फारसा मागमूसही दिसत नाही, हीच या प्रकारातली अडचण. मॉलिब्डेनम असलेला ए४ समुद्रकाठी ए२ पेक्षा सरस ठरतो, पण तलावाच्या छतासारख्या जागी तोही डोळे मिटून वापरू नये. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या रॉडवर यंत्राने भरभर फिरवला की आटे एकमेकांना चिकटून जागच्या जागी जाम होतात. त्यासाठी योग्य वंगण त्याच मागणीपत्रात मागवलेले बरे.

माल दारात आल्यावर काय पाहावे, हेही सांगतो. वरचाच गठ्ठा उघडून समाधान मानू नये. ढिगाच्या मधल्या आणि तळाच्या गठ्ठ्यांतून नमुने काढावेत. रॉड सपाट पोलादी पाटावर लोळवला की वाक लगेच दिसतो. पट्टीने आवळलेल्या जागी आटे चेपले आहेत का ते पाहावे आणि नट हाताने पूर्ण लांबीभर फिरवावा. नुसता नट फिरणे पुरेसे नाही, कारण कमी व्यासाचे आटे पाडलेल्या हलक्या मालावर तर तो अधिकच सहज फिरतो. साध्या ६जी टॉलरन्सच्या (टॉलरन्स म्हणजे मापातली मान्य सूट) एम १२ रॉडचा बाहेरचा व्यास मुलाम्यापूर्वी ११.७० ते ११.९७ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, कॅलिपर ११.४ दाखवत असेल तर गठ्ठा बाजूला काढावा. मोठ्या खरेदीत गो आणि नो-गो रिंग गेज (आटे मापात आहेत का हे तपासणारी कडी) बाळगणे परवडते, ते बाळगावेच. वजनही बोलके असते: एम १० चा मीटरभर रॉड साधारण अर्धा किलो भरतो, हलका माल त्याहून कमी. म्हणूनच दरपत्रके किलोच्या हिशोबाने नव्हे, मीटरच्या हिशोबाने मागवावीत आणि वजन केवळ पडताळणीसाठी वापरावे.

प्रमाणपत्राचा विषय थोडक्यात. ईएन १०२०४ या युरोपीय मानकानुसार ३.१ प्रकारच्या प्रमाणपत्रात पुरवलेल्या त्याच लॉटच्या चाचण्यांचे निकाल असतात, २.१ किंवा २.२ मध्ये तसे नसते. ३.१ मिळाले तरी त्यावरचा हीट नंबर गठ्ठ्याच्या टॅगवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. मी पाहिलेल्या एका पुरवठ्यात प्रमाणपत्र अगदी नीटनेटके होते, फक्त त्यावरचा नंबर एकाही गठ्ठ्यावर नव्हता; विचारणा केल्यावर दुसरे, तितकेच नीटनेटके प्रमाणपत्र दोन तासांत हजर झाले. अशा वेळी नमुने त्रयस्थ प्रयोगशाळेत ताणून पाहण्याचा खर्च खरेदीदाराने आधीच हिशोबात धरलेला असावा.

लांबीकडे कोणी लक्ष देत नाही. ३०० मिलिमीटरचे तुकडे हवे असताना एक मीटरचे रॉड घेतले तर प्रत्येक रॉडमागे जवळपास दहा टक्के भंगारात जाते. तीन मीटरच्या रॉडमधून दहा तुकडे निघतील हा हिशोबही फसवा, कारण करवतीच्या पातीची जाडी प्रत्येक कापात थोडे खाते आणि दहावा तुकडा आखूड निघतो. ठरावीक लांबीचे तुकडे कारखान्यातूनच कापून आणि मुलामा देऊन घेणे बहुधा स्वस्त पडते, आणि कापलेली टोके उघडी राहून गंजतही नाहीत.

लांबीचा प्रश्न पैशापुरता नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ रोजी दोन टांगते पादचारी पूल कोसळून ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात एकाच अखंड लांब रॉडने दोन्ही पूल छताला टांगायचे होते. एवढ्या लांब रॉडवर आटे पाडणे आणि ते बसवताना सांभाळणे अडचणीचे वाटल्याने एका रॉडऐवजी दोन वेगळे रॉड वापरले गेले आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला गेला. त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. मूळ आराखडाही पुरेसा मजबूत नव्हता, पण बदलाने उरलेली शक्ती संपवली. एक मीटरचे रॉड कपलिंगने जोडून तीन मीटर करणे, ८.८ च्या ऐवजी उपलब्ध असलेला ४.८ वापरणे, उष्णताप्रक्रिया केलेल्या ८.८ च्या रॉडला नट वेल्ड करून टाकणे हे निर्णय आज साइटवर सर्रास खरेदीच्या किंवा सोयीच्या कारणाने होतात आणि रचनाकाराला त्यांचा पत्ताही नसतो.

म्हणून निविदा तयार करणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की थ्रेडेड रॉड ‘किरकोळ’ सदरातून काढून स्वतंत्र बाब म्हणून लिहावा आणि तिच्यात मानक, व्यास व पिच, टॉलरन्स, वर्ग, मुलाम्याचा प्रकार व जाडी, सोबतचा नट आणि प्रमाणपत्राचा प्रकार यांचा उल्लेख असावा. या बाबींपैकी एकीतही बदल करायचा झाल्यास रचनाकाराची लेखी संमती आल्याशिवाय माल गोदामात उतरवून घेऊ नये, अशी अट त्याच पानावर छापावी.

आपला,
एक वाचक