पूर येण्याआधीची यादी : कोल्हापूर-सांगलीतील समाजकार्यकर्त्यांसाठी सूचना

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर किंवा कृष्णा आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर पोहोचण्याआधी आपापल्या वस्तीची यादी पूर्ण करा. ही इशारा पातळी आहे. धोका पातळीची (४३ व ४५ फूट) वाट पाहिली, तर वाटा बंद होतात.

यादी रेशनकार्डांवरून करू नका, भाडेकरू आणि एकट्या वृद्धा हमखास सुटतात. दारोदार जा. गरोदर, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिस, इन्सुलिन किंवा क्षयरोगाचे औषध चालू असलेले यांची वेगळी नोंद ठेवा. औषधाचे नाव व मात्राही लिहा. यादी कागदावर, दोन प्रतींत, प्लास्टिकमध्ये. वीज गेली की मोबाइलचा भरवसा नाही.

निवारा केंद्रातील महिलांच्या शौचालयात दिवा आणि आतून कडी स्वतः तपासा. नाहीतर बायका पाणी पिणेच टाळतात. जिल्हा नियंत्रण कक्ष : १०७७.